पाण्याला वाट ठेवणारी मंडळी: आगरवाड्याला आमच्या नदीकाठच्या भिंतीचं आणि धक्क्याचं काम

पेडणे तालुक्यात आगरवाड्याला शापोरा नदीच्या काठावर आमचं माडांचं भाट आहे. भाटाला लागून चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, संरक्षक भिंत आणि भिंतीच्या टोकाला होड्या लावायचा छोटा धक्का. दोन्हीचं काम गेल्या हंगामात वास्कोकडच्या एका लहानशा गटाकडून करून घेतलं. अख्खा पावसाळा त्यावरून जाऊ दिला आणि मगच लिहायला बसले, कारण नदीत केलेलं काम कसं झालं ते जुलै-ऑगस्टच सांगतात. काम चांगलं झालं आहे. खूप चांगलं. दोन-तीन गोष्टी खटकल्या, त्याही सांगते. गटाचं नाव देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. माणसं मोजकी आहेत, एका हंगामात दोन-तीन कामांपलीकडे ती जात नाहीत, आणि उगाच चौकशीचे फोन त्यांना नको असतात. ज्यांची भिंत खरोखरच कलली आहे त्यांनी मला विचारावं, नंबर देईन.

याआधी ज्यांना बोलावलं होतं त्या सगळ्यांनी टेप लावली, लांबी-उंची गुणली आणि मीटरचा दर सांगितला. या गटाचे मेस्त, म्हणजे मुख्य गवंडी, आले तेव्हा भरती होती. त्यांनी उभ्या उभ्या भिंत पाहिली, मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं आणि म्हणाले, "बाई, आज बघून उपयोग नाही. अमावास्येला येतो." आमच्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत खाली जाते. भिंतीचा पायथा दिसतो तो तेव्हाच. बाकीच्यांनी जी भिंत मोजली होती ती अर्धीच होती, उरलेली अर्धी पाण्याखाली होती.

अमावास्येला ते दोघांना घेऊन आले. एक जण छातीभर पाण्यात उतरून पायानं चाचपत भिंतीच्या कडेकडेनं चालला आणि दुसरा लांब सळी चिखलात खुपसत प्रत्येक ठिकाणची खोली वहीत लिहीत गेला. मेस्त स्वतः हातोडीनं काँक्रीट वाजवत होते. जिथे आवाज पोकळ येई तिथे खडूनं गोल काढत. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "उदक खंय वतलें?"

एवढा एकच प्रश्न. पाणी जाणार कुठे? याआधी एकानंही तो विचारला नव्हता.

आमच्या मामंजींनी ही भिंत बांधली तेव्हा ती नुसती चिऱ्यावर चिरा ठेवून, सिमेंट न लावता बांधली होती. सांध्यांतून पाणी पाझरायचं. भरतीला थोडं आत यायचं, ओहोटीला बाहेर जायचं. कित्येक पावसाळे ती तशीच उभी राहिली. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदारानं मजबुतीसाठी म्हणून तिच्या पुढ्यात काँक्रीटचा पडदा ओतला, सांधे सिमेंटनं भरले आणि वर गिलावा केला. दिसायला सुंदर झाली. तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात मधोमध पोट काढलं आणि एका जुलैत ओहोटीच्या वेळी एक भाग नदीत गेला.

ओहोटीच्या वेळी का गेला ते मेस्तांनी अंगणात काडीनं आकृती काढून समजावलं. भिंत लाटेच्या मारानं पडते असं आपल्याला वाटतं. पण भरतीला नदीचं पाणी भिंतीला बाहेरून टेकू देत असतं. ओहोटी लागली की तो टेकू निघून जातो, आणि पावसानं भिजलेल्या भाटातलं पाणी मात्र मागे अडकून राहतं. हे पाणी दीड मीटर उंच साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीमागे नुसत्या पाण्याचाच जोर एक टनाच्या वर जातो. ओल्या मातीचा दाब त्याहून वेगळा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणजे त्या चार महिन्यांत दर ओहोटीला, दिवसातून दोनदा, भिंतीला मागून धक्का बसत असतो. आत पाणी कोंडून बाहेरून काँक्रीट कितीही जाड केलं तरी हा धक्का चुकत नाही.

आगरवाड्यातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे मिठागरं आहेत, खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती, आहे. खाजनाचा बांध चिखल, पेंढा, चिरे यांचा, आणि त्यात पाण्याच्या वाटेवर लाकडी दाराची मानस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोरानं दार उघडतं, भरती आली की बाहेरच्या जोरानं मिटतं. गोव्याचे बांध शतकानुशतकं या समजुतीवर उभे आहेत. मेस्तांनी भिंतीत घातलेल्या निचऱ्याच्या पाइपांना बाहेरून रबराची झडप लावली तेव्हा आमचे थोरले भावोजी पाहताक्षणी म्हणाले, "ही तर मानसच."

आता प्रत्यक्ष कामाविषयी.

भिंत त्यांनी एकदम पाडली नाही. एक तुकडा पाडायचा, शेजारचा ठेवायचा, पाडलेला बांधून झाला की ठेवलेल्याला हात लावायचा. वेळ जास्त लागला, पण भाटाची माती जागची हलली नाही आणि कडेचे माडही वाचले. शेजारच्या गावात एकांनी जेसीबी लावून सगळी भिंत एका दिवसात काढली होती, तिथे काठ घसरून दोन माड आडवे झालेले मी पाहिले आहेत.

खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग पायथ्याला गेला, आणि तो आज कुणाला दिसत नाही. सळीनं घेतलेल्या खोल्यांवरून कळलं होतं की मधल्या भागात भिंतीच्या तळाखालचा चिखल वाहून गेला आहे आणि खालचा थर अधांतरी आहे. नदीतली रेती काढली गेली की पात्र खोल होतं आणि काठ पायापासून धुपतो. शापोऱ्याच्या दोन्ही काठांवरचे लोक हे पाहत आले आहेत. या गटानं वाळूच्या गोण्यांचा तात्पुरता बांध घातला, पंपानं पाणी काढलं, मऊ गाळ उपसून घट्ट थर लागेपर्यंत खाली गेले. पाया घातला आणि त्याच्या पुढ्यात जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरून वर काळ्या दगडाचा उतरता थर रचला. मी चिरे वापरा म्हणून सुचवलं होतं, घरचेच पडलेले होते. ते नाही म्हणाले. चिरा सच्छिद्र आणि हलका असतो, पाण्यात बुडाला की त्याचं वजन आणखी कमी भरतं, सुटा टाकला तर प्रवाह त्याला हलवतो. भिंतीच्या अंगात एकमेकांत बसवलेला चिरा मात्र खाऱ्या पाण्यातही टिकतो. पणजी आणि रायबंदरच्या मधला १६३३-३४ साली बांधलेला पोंत द लिन्यारिश हा पूल चिऱ्याचाच आहे आणि आजही त्यावरून गाड्या जातात. माझे चिरे त्यांनी भिंतीच्या दर्शनी बाजूला वापरले. पैसे वाचले आणि भिंत भाटाला शोभते आहे.

भिंतीच्या मागे आधी खडीचा उभा थर, त्याच्या आणि मातीच्या मध्ये पुन्हा कापड. या कापडाचा उपयोग मला सुरुवातीला कळला नव्हता. पाणी जातं पण मातीचे बारीक कण मागे राहतात. कापड नसेल तर दर ओहोटीला पाण्याबरोबर थोडी थोडी माती निघून जाते आणि एक दिवस भिंत शाबूत असताना मागची जमीन खचते. आमच्या भाटात भिंतीपासून हातभर अंतरावर पडणारे खड्डे आम्ही खेकड्यांच्या नावावर खपवत होतो.

काँक्रीट जिथे लागलं तिथे त्यांनी जो कटाक्ष पाळला, तो मी पंचायतीच्या कुठल्या कामात पाहिलेला नाही. स्लॅग सिमेंट, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं सिमेंट, वापरलं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या भागाला एम ४० या ताकदीच्या प्रतीचं मिश्रण आणि सळीवर ७५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. आयएस ४५६ हे आपल्याकडचं काँक्रीटचं मानक अशा जागेला सर्वांत कडक वर्गात धरतं आणि एवढंच मागतं. सळीखाली चिऱ्याच्या चिपा ठेवायची आपल्याकडे सवय आहे. इथे काँक्रीटचे ठोकळे आधी पाडून, वाळवून आणले होते. आमच्या विहिरीचं पाणी मार्चपासून मचूळ होतं. त्यांनी ते तपासायला पाठवलं, सळीच्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड चालत नाही, आपलं त्याहून जास्त निघालं, म्हणून गोड्या पाण्याचा टँकर आणला. पाणी मारायलासुद्धा तेच वापरलं. गोणपाट सतत ओलं ठेवलं, स्लॅग सिमेंटला नेहमीपेक्षा जास्त दिवस पाणी लागतं म्हणून दहा दिवसांच्या आत कुणाला हात लावू दिला नाही.

ओतायची वेळ नदीच्या घड्याळावर. ओहोटी उतरून काम उघडं पडलं की हात चालू, आणि भरती परत वर चढायच्या आत झाकून मोकळं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आठवड्याभरात सकाळचं काम दुपारी आणि मग रात्री जातं. पहाटे तीनला दिवे लावून, मिक्सर फिरवून काम चालायचं. शेजाऱ्यांना त्रास झाला, पण त्यांना आदल्या संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगून आले होते. त्या माणसांना दहाच्या सुमारास पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर देताना मला खरोखर समाधान वाटायचं.

धक्क्याचं काम वेगळं. तो काँक्रीटच्या खांबांवर उभा आहे आणि खांबांची दशा अशी होती की चिखलातला भाग धड, वरचा भाग धड, आणि मधला भरतीची रेघ जिथे चढते-उतरते तो पट्टा फुटलेला, लाल सळी बाहेर. सळीला गंजायला मीठ, ओल आणि हवा तिन्ही लागतात. कायम चिखलात असलेल्या भागाला हवा पोचत नाही, मधल्या पट्ट्याला सगळं मिळतं. गंजलेली सळी फुगते आणि आतून काँक्रीट उलवते. गोव्यात माझ्या वयाच्या माणसांना याची आठवण वेगळी करून द्यायला नको. १९७० साली बांधलेला मांडवीचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्याच्या आतल्या पोलादी तारा गंजून गेल्या होत्या, आणि नवा पूल होईपर्यंत सगळे पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. डोळ्यांना दिसत नाही तिथे खारं पाणी काय करतं ते आम्ही तेव्हाच शिकलो.

आधीच्या कंत्राटदारानं या खांबांना गिलावा करून रंग दिला होता. मेस्तांनी ड्रिलनं वेगवेगळ्या खोलीची भुकटी काढून तपासणीला पाठवली आणि मीठ सळीच्या पलीकडे पोचल्याचं दाखवलं. अशा ठिकाणी फक्त फुटका भाग भरून काढला तर भरलेल्या भागाला लागून असलेली सळी आधीपेक्षा जोरात गंजते. म्हणून त्यांनी सळीच्या मागेपर्यंत काँक्रीट तोडलं, सळी घासून पांढरी केली, जिथे बारीक झाली होती तिथे नवी जोडली आणि आत जस्ताचे तुकडे सळीला बांधून ठेवले. जस्त आधी झिजतं, सळी वाचते. मग खांबाभोवती फायबरग्लासचं कवच बसवून आत खालून वर ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरलं. खालून भरल्यानं आतलं पाणी वरून बाहेर पडतं आणि पोकळी राहत नाही. वरून ओतलं असतं तर पाणी आणि ग्राउट मिसळून सगळा चोथा झाला असता. तसं झालेलं काम मी दुसरीकडे पाहिलं आहे.

परवानग्यांच्या बाबतीत त्यांनी मला एकटं सोडलं नाही, याचं श्रेय द्यायलाच हवं. नदीचा काठ सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येतो, धक्क्यासाठी बंदर कप्तान खात्याकडे जावं लागतं. नकाशे, जुन्या भिंतीचे फोटो, जुने कागद सगळं त्यांनी नीट लावून दिलं. वेळ लागलाच, आणि परवानगी हातात येईपर्यंत त्यांनी कुदळ लावली नाही. आधी करू, मग बघू असं सुचवणारे दोघे-तिघे भेटले होते. या गटानं तो विषयच काढू दिला नाही. भिंतीच्या वरच्या टोकाला खारफुटीची चार-पाच झाडं आहेत. ती तोडून भिंत सरळ नेता आली असती. त्यांनी तिथे भिंतच दीड हात आत घेतली. माझी तेवढी जागा गेली, पण त्या मुळांमागे गाळ साठून पायथा आपोआप भरतो आहे, आणि भिंतीच्या त्या टोकाला पावसाळ्यात कणभरही धूप झाली नाही.

आता खटकलेलं. धक्क्याच्या कठड्याला त्यांनी गॅल्व्हनाइझ केलेले, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, नटबोल्ट लावले, बोलणं ३१६ या खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या प्रतीच्या स्टेनलेसचं झालं होतं. पावसाळा संपायच्या आत त्यांवर लाल डाग आले. सांगितल्यावर बदलून देतो म्हणाले आणि खालच्या ओळीचे बदललेही, वरचे अजून राहिले आहेत. एवढ्या काळजीनं खांब सांभाळणाऱ्यांनी बोल्टमध्ये तडजोड करायला नको होती. दुसरं, निचऱ्याच्या पाइपांच्या झडपांवर कालवं आणि शिंपले धरतात आणि त्या अडकतात. हे त्यांना माहीत होतं, पण साफसफाईचं मला काम झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर वरून हात पोचेल अशी सोय मागितली असती. आता भाच्याला ओहोटीला होडीतून जाऊन खरवडावं लागतं. तिसरं, उरलेली खडी आणि फाटक्या गोण्या न्यायला फार उशीर केला. काही गोण्या भरतीनं नदीत गेल्या, आणि ज्या नदीसाठी एवढं केलं तिच्यात प्लास्टिक गेलं याचा मला राग आला. तो मी त्यांना बोलून दाखवला.

दर स्वस्त नाही. मला मिळालेल्या सर्वांत कमी दरापेक्षा बराच जास्त होता आणि घरात त्यावरून बोलणी झाली. सासूबाईंचं म्हणणं होतं की भिंतीला एवढे पैसे कोण घालतं. यंदा जुलैत सलग पाऊस लागला होता तेव्हा त्या रोज ओहोटीला छत्री घेऊन काठावर जात आणि पाइपांतून पाणी कसं धो धो बाहेर पडतंय ते पाहून येत. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणानंतर त्यांनी भिंतीचा विषय काढला नाही. भिंतीला बाक नाही, मागे एकही खड्डा नाही, खांबांच्या कवचाला तडा नाही. पायथ्याचे दगड ओहोटीला जाऊन पाहिले, एक-दोन सरकले आहेत, मेस्त म्हणाले तेवढे बसताना सरकतातच.

जाताना त्यांनी एक कागद दिला, त्यावर प्रत्येक पाइप कुठे आहे, पाया किती खोल आहे, कुठल्या खांबात जस्त आहे हे मापांसह काढलेलं आहे. मागून घ्या, कुणीही काम केलं तरी. वीस वर्षांनी जो दुरुस्तीला येईल त्याला सळी खुपसत बसावं लागणार नाही. पाइप मे अखेरीस आणि चतुर्थीनंतर असे दोनदा साफ करायचे, उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या ओहोटीला पायथा पाहायचा. जस्त झिजल्यावर बदलायला तेच येतील असं लेखी दिलं आहे.

ज्यांना त्यांना बोलवायचं असेल त्यांनी डिसेंबरपर्यंत थांबू नये. तोवर त्यांचा हंगाम भरलेला असतो. चतुर्थी उरकली की लगेच बोला, आणि पहिल्या भेटीला त्यांना अमावास्येची किंवा पौर्णिमेची ओहोटी साधून यायला सांगा.